वहीतले नऊ सेकंद

३ नोव्हेंबर, सोमवार

दादाच्या फायलीत माझी सही!

लाइटबिल शोधत होते. ते मिळालं नाही, हे मिळालं. 'मी, रंजिता, लिहून देते की सदर उपकरणावर माझा कोणताही हक्क नाही व याबाबत भविष्यात तक्रार करणार नाही.' खाली माझी सही, एकदम रुबाबात. तारीख १९ ऑगस्ट. मग आठवलं. आमच्या यंत्रमागांच्या गाळ्याचा वीजमीटर बाबांच्या नावावरून दादाच्या नावावर करायचा म्हणून त्यानं चार कागद आणले होते. माझ्या एका हातात पक्कड, दुसऱ्यात वायर. 'कुठे करू' विचारलं आणि करत गेले. चाराचे पाच कधी झाले ते कळलंच नाही.

तीन वर्षं! गाळ्याच्या मागच्या खोलीत, आठ लूमच्या खडखडाटात, तीन वर्षं मी हे यंत्र बनवलं. उभा धागा तुटतो, खाली लोंबतो, उजेडाची रेघ अडवतो, लूम थांबतो. दीड सेकंदात! आमचे कारीगर मुस्तकीमचाचा पहिल्या दिवशी म्हणाले होते, "बिटिया, अब पीठ घुमा के चाय पी सकता हूँ." तीस वर्षांत त्यांनी लूमकडे पाठ केली नव्हती.

आणि त्या कागदाखाली अर्ज. संशोधन-नवोपक्रम अनुदान, महिला प्रवर्ग. मुख्य संशोधक – रीमा भूपेश. आमच्या वहिनीसाहेब! ज्या गाळ्यात येतात तेव्हा नाकाला ओढणी आणि कानात बोटं!

४ नोव्हेंबर

जेवले नाही. आक्काला, म्हणजे आईला, वाटलं उपास.

५ नोव्हेंबर, बुधवार

विचारलं दादाला. लाजला पण नाही. म्हणे, बाईच्या नावावर मार्क जास्त मिळतात. मी म्हटलं, मी कोण आहे मग? तर म्हणतो –

"तुझं उद्या परत लगीन झालं मंग? कंपनी काय सासरी नेशील? रीमाच्या नावावर असली म्हंजे घरानंच राहील."

सहा वर्षं झाली मला सासर सोडून. नवऱ्यानं एका सहीत सोडलं, भावानं एका सहीत लुटलं. सह्या करण्यात माझा हात कुणी धरणार नाही!

आक्का माझ्याच अंगावर आली. "भावाशी भांडून जाशील कुठं, बाय?" हेच. दरवेळी हेच. जाशील कुठं. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा रीमा त्यांना सांगत होती, "ताई सध्या इथंच असतात." सध्या! मी हिच्या कितीतरी आधीपासून ह्या घरची आहे.

सोडणार नाही. एकालाही सोडणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

तक्रार करता येणार नाही. केली तर दादा तो कागद पुढे करणार आणि मीच खोटी पडणार. म्हणून अनुदानाच्या मार्गदर्शक सूचना उतरवून घेतल्या. एकतीस पानं. दोनदा वाचल्या. दादानं एकदाही वाचल्या नाहीत हे पैजेवर सांगते, कारण अनुदानातून बनवलेलं यंत्र पाच वर्षं विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, जागेवरून हलवतासुद्धा येत नाही. आणि हा दापोड्याच्या एका गोदामवाल्याला यंत्र विकायचा शब्द देऊन बसलाय! दर तीन महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा. तो कोण लिहिणार? मीच की! बिनपगारी.

पण खरी मजा पुढे आहे.

नियम ११ – सादरीकरण मुख्य संशोधकानं स्वतः, एकट्यानं करायचं. नवरा, सल्लागार, मदतनीस, कुणीही तोंड उघडायचं नाही.

नियम १४ – अर्जात किंवा पुराव्यादाखल दिलेल्या कोणत्याही कागदात जाणूनबुजून खोटी तांत्रिक माहिती आढळली, तर ती माहिती देणारी व्यक्ती तीन वर्षं अपात्र. कुठल्याही योजनेला. नाव संकेतस्थळावर.

नाव संकेतस्थळावर! हे वाचून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

आपण होऊन आला. "चोवीसला ठाण्याला प्रेझेंटेशन हाय. रीमाला जरा समजव ना. तुलाच येतं ते."

मलाच येतं ते! ऐका!

मी हो म्हटलं. इतक्या पटकन की त्याच्याच भुवया वर गेल्या. मग म्हटलं, घरचंच काम आहे, दादा. त्याला केवढं बरं वाटलं. शिकार आपल्या पायानं घरात आली, जंगलात कशाला जायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहिला धडा. रीमा नवी वही घेऊन आली. कव्हर घातलेली! वर हळदीकुंकवाचं बोट. मला हसू दाबावं लागलं.

"ताई, तुम्हीच लिवून द्या. माझं अक्षर मलाच लागत न्हाय. तुमचं कसं छापल्यासारखं."

दिलं लिहून. सुवाच्य. पहिल्या पानावर – धागा तुटल्यापासून लूम थांबायला लागणारा वेळ : नऊ सेकंद.

नऊ सेकंदांत लूम अठरा फेरे मारतो. तेवढं कापड वाया. समितीत कापडातला एक जरी माणूस असला तरी तो खुर्चीवरून पडेल.

तिनं पाच वेळा घोकलं. नऊ सेकंद, नऊ सेकंद. आक्का माजघरातून म्हणते, शिकतेय हं पोर!

१४ नोव्हेंबर

दुसरा धडा. माझं यंत्र बारा व्होल्टवर चालतं. वहीत लिहिलं – दोनशे तीस. जिथे हवेत कापूस उडतो, नाकातोंडात जातो, तिथे उघड्या तारेत दोनशे तीस! शाळेतलं पोरही सांगेल की आग लागेल. रीमानं खाली लाल पेनानं रेघ मारली.

सुचतंय, झरझर सुचतंय. यंत्र बनवताना एवढं सुचलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

तिसरं पान. भिंगावर कापूस बसतो, ते प्रत्येक शिफ्टला पुसावं लागतं, नाहीतर यंत्र आंधळं. वहीत – 'साफसफाईची गरज नाही.' आता अकरा मुद्दे झाले. अकराच्या अकरा खोटे. त्यापायी झोप उडाली म्हणाल तर नाही, काल रात्रीही शांत झोपले. हेही लिहून ठेवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रीमा दोन दिवस माहेरी अकलोलीला गेली होती. आक्कालाही नेलं, गुडघ्यांसाठी, कुंडाच्या गरम पाण्यात बसवलं. येताना माझ्यासाठी सुती कापडाचे तुकडे आणले. शिवून, चौकोनी, डझनभर. "तुमच्या मशिनीची काच पुसायला. तुम्ही रोज ओढणीनं पुसता ना, मी बघते."

मी रोज पुसते हे तिनं बघितलंय! आणि वहीत 'गरज नाही' हे पण तिनंच घोकलंय! दोन्ही एकाच डोक्यात ठेवून हसते कशी ही? मठ्ठ आहे. मठ्ठच आहे.

तुकडे चांगले आहेत. धागे सुटत नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज गाळ्यात नेलं तिला, यंत्रापुढे उभं राहून बोलायची सवय व्हावी म्हणून. दादाचीच कल्पना. मुस्तकीमचाचांनी मुद्दाम एक धागा तोडून दाखवला. खट्! थांबला लूम. रीमानं मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ताई, नऊ न्हाय वाटले. दोन पण न्हाय झाले."

पकडलं होतं तिनं! पण तोंड माझं, माझ्या ताब्यात. म्हटलं, बघताना तसंच वाटतं, मोजायची पद्धत वेगळी असते.

"तुम्ही सांगता म्हंजे तसंच असल," म्हणाली. आणि पुन्हा सुरू – नऊ सेकंद, दोनशे तीस व्होल्ट.

चाचा बघत होते माझ्याकडे. त्यांना मराठी कळतं. बाहेर जाऊन त्यांनी नळावर तोंड धुतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अजून वेळ आहे. वही मागायची, अकरा ओळी खोडायच्या, खऱ्या लिहायच्या. दहा मिनिटांचं काम.

मग तिचं काय होईल? उत्तरं बरोबर येतील. अनुदान मिळेल. पेपरात फोटो – 'गृहिणीची भरारी'. दादा हार घालून. यंत्रावर पाटी लागते, नियमच आहे तसा, मुख्य संशोधकाच्या नावाची. मी रोज त्या पाटीखालची काच पुसायची.

नाही मागणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी रीमा पाया पडली. माझ्या! "आशीर्वाद द्या, ताई." दिला. तोंडानं दिला.

चार वाजता परत आले. दादा गाडीतून उतरला तो सरळ वर. दार आपटलं. म्हटलं, लागला बाण! काय सांगू, कसं गार वाटलं जिवाला. मी चहा टाकला, तिघांचा. आलं घालून.

मग रीमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलली, ते जसं आठवतं तसं लिहिते.

समितीत पाच जण. पहिला प्रश्न एका म्हाताऱ्या बाईंनी विचारला. सेकंद नाही, व्होल्ट नाही. विचारलं – "हे तुम्हाला सुचलं कसं?"

हे मी शिकवलंच नव्हतं! अकरा मुद्दे शिकवले आणि हे नाही शिकवलं.

"मी गप झाले, ताई. मना काय सुचलंच न्हाय. डोळ्यासमोर तुम्हीच आल्या, त्या खोलीत वाकून बसलेल्या. मग बोलले – मॅडम, हे मना न्हाय सुचलं. माझ्या नणंदेला सुचलं."

दादा मागे बसला होता. उठून तो कागद दाखवायला लागला, माझ्या सहीचा. त्याला गप्प बसवलं, नियम ११. रीमाला विचारलं, ही सही खरी का?

"मी बोलले, सही खरी हाय. पण तो कागद मीटरच्या कागदांत मीच सरकवलेला. यांनी सांगितलं म्हणून. तवापासून मना झोप न्हाय, ताई."

आणि रडली. दारातच, उभ्यानं.

माझ्या हातात चहाचं भांडं. उतू गेला सगळा. मला राग यायला हवा होता – तिनंच सरकवला! आला पण. थोडाच आला. मग काय आलं ते मला माहीत नाही, पण मी तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. 'जाऊ दे' म्हणाले. मी! जिनं आठ तारखेला दोन पोळ्या जास्त खाल्ल्या!

आकड्यांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. देव आहे. आजच्यापुरता तरी आहे.

२५ नोव्हेंबर

दादानं तिला अकलोलीला पाठवून दिलं. "चार दिस रहा जा तिकडं." आक्का तिला थांबवायला पायरीपर्यंत गेली. पहिल्यांदाच पाहिलं तिला मुलाच्या विरुद्ध बोलताना. "चांगली हाय ती. तुझ्यापेक्षा चांगली हाय."

जाताना रीमा हसली माझ्याकडे बघून. काहीतरी सांगायचं होतं तिला. रिक्षावाला हॉर्न मारत होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ती वही जाळून टाकायची ठरवली. रीमाच्या कपाटात बघितलं, गादीखाली बघितलं, देवामागे बघितलं. नाही. तिच्याच पिशवीत गेली असणार, माहेरी. राहू दे तिकडेच. ती आली की तिच्यासमोर फाडीन आणि खरं सांगीन. अकराच्या अकरा. काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या तोंडावर थुंकली तरी चालेल.

आज खूप दिवसांनी नीट काम झालं. तिनं दिलेल्या कापडानं काच पुसली. चाचांनी विचारलं, "बहू कब आएगी?" म्हटलं, लवकरच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीचा मेल आला. माझ्या नावावर! 'मूळ संशोधक म्हणून सदर अर्ज आपल्या नावे महिला प्रवर्गात स्वीकारण्यात येत आहे. श्रीमती रीमा यांनी, सदर उपकरण आपलेच असल्याचा पुरावा म्हणून, आपल्या हस्ताक्षरातील तांत्रिक वही समितीकडे जमा केली आहे. ५ डिसेंबर रोजी स्थळपाहणीत वहीतील प्रत्येक मुद्दा यंत्राशी पडताळून पाहिला जाईल.'

पाठोपाठ रीमाचा फोन. "ताई, आला का मेल? जाताना सांगायचं राहिलं! सगळी पानं तुमच्या हातची, एक पण ओळ माझी न्हाय – मी बोलले मॅडमना, बघा, किती सुंदर लिवलंय!"

नियम चौदा मला पाठ आहे – ती माहिती देणारी व्यक्ती तीन वर्षं अपात्र, नाव संकेतस्थळावर.