नारळवाडी कुंदाची, मधुकरला काही नाही

मी, जानकी जयवंत राऊत, वय त्रेसष्ट, राहणार बोरिवली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. पोटातल्या गाठीने शरीर पोखरले आहे, डोके शाबूत आहे.

एक. घर व नारळवाडी यजमानांनी माझ्या नावे केलेली, माझ्या एकटीच्या मालकीची आहेत. ती दोन्ही माझी मुलगी कुंदा हिला मिळावीत.

दोन. माझी जाऊ सुगंधा हिचा मुलगा मधुकर याला काहीही मिळू नये. कारण लिहिते, म्हणजे उद्या कोर्टात "काकी भ्रमिष्ट झाली होती" असे त्याला म्हणता येणार नाही.

यजमान गेल्यावर वाडीचे खत तो आणू लागला. माडाला पोटॅश लागते, नाहीतर फळ धरत नाही. गोणीवर पोटॅश लिहिलेले असे; मी विश्वासाने ते आळ्यांत घालून घेत होते. चौथ्या वर्षी खालच्या झावळ्या कडेने पिवळ्या पडून करपल्या, कोवळ्या फळांचा खाली खच पडू लागला. मधुकर म्हणाला, "काकी, वाडीची वाट लागली. कारखान्याला जागा देऊन टाक ना." गिऱ्हाईक त्याने आधीच ओटीवर आणून बसवले होते.

ते गेल्यावर मी गोणी फोडून चिमूटभर जिभेवर ठेवले. पोटॅश कडवट लागते. हे मिठागरातले निव्वळ मीठ होते. माझ्या पैशाचे खरे पोटॅश तो वसईच्या केळीवाल्याला विकत होता. मधुकरला विचारले तर हसला. "दोन्ही पांढरंच की. झाडाला काय कळतंय?"

मुक्या जिवाला उपाशी मारून वर हसणाऱ्या माणसाची मला किळस येते. अजून त्याचा आवाज कानावर पडला की मी दार लावून घेते.

तीन. त्याने माझ्या प्रेताला खांदा देऊ नये. ओटीवरही चढू नये.

चार. कोयते, पहार व विहिरीजवळचे खोपट वाडीतला गडी धोंडू याला द्यावे. गुडघे दुखत असूनही तो आमच्या माडांवर चढत आला.

पाच. कुंदा, जमीन विकू नकोस. पावसाच्या तोंडावर आणि पाऊस सरल्यावर पोटॅश घाल, शेणखत घाल, आणि बुंध्याला चिकटवून नको, लांब, आळ्यात. खरे पोटॅश घातल्यावर यंदा शेंड्याचे नवे पोगे हिरवे आले आहेत. पण माड सावकाश सावरतो. फळ धरायला दोन पावसाळे तरी जातील. मला तेवढा वेळ नाही. पहिले शहाळे माझ्या फोटोपुढे ठेवू नकोस. तू पी.

मुक्काम बोरिवली, तारीख १४ नोव्हेंबर १९५७
सही: जानकी जयवंत राऊत

साक्षीदार:
१. डॉ. विद्याधर कीर्तिकर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.
२. सुगंधा दत्ताराम राऊत. मी मधुकरची आई. सर्व वाचले. खरे आहे.