आखूड झालेला पट्टा

प्रिय ठमाबाई,

ख्यालीखुशाली नंतर. आधी हे ऐक, की गेले दोन महिने मी आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एकाही माणसावर विश्वास ठेवलेला नाही. स्टुडिओत ठेवलेली माझी बेस गिटार एके दिवशी गळ्यात घातली, तर ती थेट छातीशी आली. पट्टा चांगला चार बोटं आखूड. वीस वर्षं एकाच भोकात अडकवलेला पट्टा आपोआप आखूड होत नाही. माझ्या माघारी कुणीतरी ती वाजवत होतं.

मग मला जिकडेतिकडे कारस्थान दिसायला लागलं. तुझे ड्रमकाका गोड बोलू लागले. एरवी हा माणूस चहा घेतानाही कुरकुरतो. रेकॉर्डिंगवाला नवी गाणी ऐकवायला टाळाटाळ करू लागला. माझी गच्छंती ठरली, हे मी ओळखलं. बेसवाला बदलला तर ऐकणाऱ्यांना पत्ताही लागत नाही, त्यामुळे आम्हाला काढणं सोपं. तुझ्या आईला बोललो, तर म्हणाली, "तुम्हाला मेला पोस्टमनचाही संशय येतो."

मंगळवारी रेकॉर्डिंगवाला जेवायला गेल्यावर मी चोरून गाणी लावली. बेस माझा नव्हता. वाजवला होता झकास, आणि त्याचाच जास्त राग आला. तिसऱ्या गाण्यात खालच्या सुरावर घसरत जाणारी एक जागा आली आणि मी ती पुन्हा मागे नेऊन ऐकली. सातव्या वर्षी तुझी करंगळी तिथवर पोचायची नाही, म्हणून तू अशी घसरत जायचीस. मी किती ओरडायचो! खोड अजून गेलेली नाही.

मग ड्रमकाकांना गाठलं. माझा उजवा हात थरथरतो, ठोका चुकतो, हे त्यांना कधीच कळलं होतं. मी दुखावू नये म्हणून ते तुला बोलावून माझे तुकडे पुन्हा वाजवून घेत होते.

तुम्हा दोघांचा खूप राग आला, मग रडू आलं. लपवाछपवी तर माझीच चालली होती. हात खिशात कोंबून मी जगावर संशय घेत हिंडत होतो. शनिवारच्या कार्यक्रमात बेस तू वाजव, सगळ्यांसमोर, तुझ्या नावाने. मी समोर बसेन. अक्षरावरून तू ओळखलं असशीलच, हे पत्र तुझी आई लिहितेय. मला पेन धरवत नाही, हे तिला आज, कागद घेऊन बस म्हटल्यावर कळलं. एकट्याने मला तिची समजूत घालता येत नाहीये. तू लवकर ये.

तुझाच,
बाबा