तुलुगाकचा दगडी माणूस

ती. वन्सं यांस,

दंडवत. गुडघे कसे आहेत? माझे नदीकडे जाताना बरे असतात, घराकडे वळले की कुरकुरतात. तुमच्या पोरीचे दिवस भरत आल्याचं टपाल आणणाऱ्या विमानवाल्याने सांगितलं. बाळासाठी तुमच्या मनात दुसरंच नाव आहे, हेही सांगितलं. तुमच्या बंधूंना जाऊन दोन हिवाळे झाले. गेलेल्याचं नाव बाळाला मिळालं की माणूस घरी परतला म्हणायचं. हे अजून बाहेर थंडीतच उभे आहेत. (मी काही म्हणत नाही. नुसतं कळवते.)

तर मागच्या आठवड्यात कॅरिबू हरणांचे कळप डोंगरावरून उतरल्याची बातमी आली आणि मी शेजारच्या इकियाक भावजींच्या नावेतून वर निघाले. (भावजींना नदीचं सगळं ठाऊक आहे, असं भावजी म्हणतात.) नदीचे दोन फाटे होतात तिथं टेकाडावर तुमच्या बंधूंनी रचलेला दगडी माणूस अजून उभा आहे, पोट सुटलेला, एक हात डावीकडे. हात दाखवतो तिकडे जायचं, म्हणून गेलो. पुढे पाणी घोट्याएवढं. नाव गोट्यांवर बसली, ती ओढताना मी बसले, मला उठवताना भावजी बसले.

“वहिनी, मेला तरी तुमचा नवरा थट्टा सोडत नाही!”

“जिवंतपणी तरी कुठं सोडली होती? ओढा!”

वर डोंगरावर नवं बर्फ, काठाला झुडपं पिवळी, आणि मधे आम्ही दोघं चिखलाच्या एकाच रंगाची. कॅरिबू पलीकडून आमच्याकडे बघत आरामात गेले. कळपाच्या पुढच्यांना तसंही कुणी मारत नाही, नाहीतर मागचे वाट बदलतात. मागचे आले तेव्हा बंदूक भावजींच्या खाली होती.

परतताना मी त्या दगडी माणसाचं डोकंच उतरवायला टेकाडावर चढले. डोकं उतरवलं, सहज उजवीकडे पाहिलं, तर कातळाच्या आड हिरवागार डोह, आणि काठाला तुमच्या बंधूंनी बांधलेली मासे वाळवायची मांडणी! जन्मभर हाताएवढे मासे आणले, कुठून ते मला सांगितलं नाही. चोर चुकावेत म्हणून हात उलट दिशेला. (चोर कोण, ते भावजींनी विचारायच्या आत नाकारलं.) मी तिथं बराच वेळ बसले. भावजींनी तोवर डोहातले मासे धरले. मग उतरवलेलं डोकं नीट परत बसवलं.

सोबत मासे पाठवते.

तुमची भावजय,
अलुनिक

ता. क. मासे लाच म्हणून नाहीत.

आणखी एक. आहेत. नाव ह्यांचंच ठेवा, तुलुगाक. मुलगी झाली तरी चालेल. तुमची उसनी नेलेली नाव त्यांनी नदीत बुडवली, कबूल. पण बाळ काही लगेच नाव मागायला येणार नाही.

शेवटचं. डोहाचं कुणाला बोलू नका. बाळ बोलायला लागलं की त्याला तिथं नेऊन बसवणार आहे आणि विचारणार आहे, “काय हो, बायकोपासूनसुद्धा लपवलंत?”