पाण्यात माणूस असताना

बाबा, मी परवा रजेवर घरी आले. आपल्या तलावाच्या तुडुमाला, पाणी सोडायच्या त्या तोंडाला, आता लोखंडी दार बसलंय. चाक फिरवलं की पाणी शेतात जातं, कुणाला बुडी मारावी लागत नाही. तुमच्या वेळी धान निसवायला आलं की तळाचं लाकडी बूच उपटायला तुम्हीच खाली जायचात. पाण्यात माणूस असेपर्यंत पाळीवर, तलावाच्या बांधावर, कुणी शब्द काढायचा नाही, हा गावाचा नियम. बोलणं म्हणजे अपशकुन. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा तुम्हाला फार वेळ लागला आणि मी जीव खाऊन हाक मारली. तुम्ही वर आलात, तोंडावरचं पाणी निपटलंत आणि साऱ्या गावादेखत म्हणालात, "काऊन बोंबललीस? मी येऊन राहिलो होतो ना." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुन्हा कधी ओरडले नाही.

आता मी समुद्राचा अभ्यास करते. सौंदडच्या स्टेशनावर गाडी नुसती बघायला जाणारी मी, गोव्याहून जहाजावर चढते. पहिल्या सफरीत मला कामही नेमकं बोलण्याचंच मिळालं. तारेला बांधून एक यंत्र खोल सोडतात, ते पाण्याची ऊब, खारेपणा मोजतं. मी आत पडद्यासमोर बसून तळ किती मीटर उरला ते वायरलेसवर सांगायचं, बाहेर तारेचा विंच, म्हणजे रहाट, चालवणारा विंचवाला त्या अंदाजाने तार सोडणार. तळ जवळ आला आणि माझी वाचाच बसली. पाळीवरची सवय ती, दुसरं काय! यंत्र चिखलात जाऊन टेकलं, त्याला लावलेल्या नमुन्याच्या बाटल्यांतून पाण्याऐवजी गाळ आला. सफरीच्या प्रमुख बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "विंचवाल्याला खालचं काही दिसत नाही. त्याला फक्त तुझा आवाज आहे." पुन्हा असं झालं तर जहाजावर घेणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी परत बसते. मीटरमागून मीटर मोठ्याने सांगत राहते. यंत्र तळाच्या वर नीट थांबतं, धड वर येतं. मग डेकवर जाऊन मी हमसून हमसून रडते. सगळ्यांना वाटतं, हिला बोट लागली.

मला गोंदियाच्या दवाखान्यातली दुपार आठवत होती. मी बारावीत होते. तुमचा श्वास लांबत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल. आई, काका, मी, कुणीच बोललो नाही. खाटेभोवती नुसते उभे होतो. मला तर शेवटपर्यंत वाटत होतं, की तुम्ही वर येऊन राहिला आहात.

हे पत्र टाकणार तरी कुठे? कपाटात साड्यांखाली ठेवेन. पुढच्या आठवड्यात पुन्हा जहाज आहे, या वेळी लांबची सफर. कुणाला सांगितलेलं नाही, पण तळ जवळ आला की मी आकडा सांगते, मग वायरलेसचं बटण सोडते आणि तुम्हाला हाक मारते. विंचवाल्याला ती ऐकू जात नाही.