मामांचे डोळे

रविवार, दिवेलागण. मु. ईट.

"फोटोत मी मेल्यागत दिसतोय, तूच माझं चित्र काढ," म्हणून मामा, म्हणजे माझे सासरे, आज दुपारी ओसरीवर खुर्ची टाकून बसले. भांडी, धुणं, रानातला डबा उरकून मी वही घेऊन समोर टेकले तेव्हाच अंग मोडून आलं होतं. पण अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. अकरा वर्षं झाली या घरात, आणि मामांच्या तोंडाकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं. डोईवर पदर, नजर खाली. कान जमला, मिशी जमली. डोळ्यांपाशी पेन्सिल थांबायची. खोडलं, काढलं, पुन्हा खोडलं. शेवटी तेच म्हणाले, "वर बघ की पोरी. बघितल्याबिगर डोळे कसे जमतील?"

बघितलं. तेही माझ्याकडंच बघत होते. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "डोळ्याखाली लई काळं झालंय गं तुझ्या. लई दमतीस का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी खाली बघून पेन्सिलीला टोक करत बसले. टोक चांगलंच होतं.

व्हय, एवढंच तर म्हणायचं होतं. तेवढंही का आलं नाही तोंडात?