घोघ्याच्या धक्क्यावर

कोरीट,
२ डिसेंबर २०२५

प्रिय दामिनीताई,

नमस्कार. नवनीतदाजींनाही सांग. इकडे थंडी पडली आहे. कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे. आबांचा खोकला तसाच. आईचं खाली लिहिते.

तुझं पत्र दसऱ्याला लोणखेड्याच्या संध्यामावशीकडून मिळालं. तू घर सोडून लग्न केल्यापासून इथे तुझं नाव काढायची सोय नाही, म्हणून आबा शेतात गेले की मी ते आईला वाचून दाखवायचे. नंदुरबारहून रेल्वेने सुरत, पुढे हजिरा, तिथून बोटीने घोघा, मग उना, आणि पूल ओलांडला की तुझं दीव बेट. तिला रस्ता पाठ झाला होता. बोटीत मोटारीही चढतात हे ऐकून म्हणाली, “मंग माले उलटी कशाम्हा व्हई, मोटारम्हा का नावम्हा?” पेटीतलं हिरवं लुगडं काढून तिने पिशवीत भरलं होतं.

रोज शेवटी मात्र बोलावण्याचं एकच विचारायची, “ये म्हनीसन लिखेल शे का व?”

लेकीच्या दारी बोलावल्याशिवाय जायचं नाही, हे तिचं पक्कं. बोलावणं आहे हे कळलं असतं तर ती आबांनाही घाबरली नसती. मी घाबरले. ती निघाली की मागे आबांसमोर मीच उरणार होते. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून सांगायचे, “खाली तुझ्या लेकीचं नाव आहे.” नाव होतंच. त्याच्या वरची ओळ मी गाळली: ‘आई, तू ये. कार्तिक पौर्णिमेला मी घोघ्याच्या धक्क्यावर उभी राहीन.’

ओसरीवर सरक्या मांडून मला अक्षरं शिकवलीस, तेव्हा बजावलं होतंस, वाचताना एक शब्दही गिळायचा नाही.

दिवाळी गेली तशी तिने लुगडं परत पेटीत ठेवलं. “ऱ्हाऊ दे. तिले मन्ही याद नही ऱ्हायनी.”

तेव्हाही ती ओळ मी वाचून दाखवली नाही.

ताई, सतरा नोव्हेंबरला कपाशी वेचताना आईच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुला कळवू नको, असं आबा म्हणाले. मी तेही ऐकलं.

अस्थी प्रकाशा गावच्या घाटावर तापीत सोडल्या. वाटलं, नदी सुरतेपाशी समुद्राला मिळते, निदान अशी तरी ती निघेल. पण बंधाऱ्याचे दरवाजे लावलेले होते. राख पायरीपाशीच राहिली. तिथे मी तुझी ती ओळ मोठ्याने वाचली. आबांनी ऐकली, चपला घातल्या आणि गाडीकडे गेले.

माफी मागायला लिहीत नाही. यापुढे कुठल्याच पौर्णिमेला धक्क्यावर जाऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं.

तू वाचायला शिकवलेली,
ममता