मतदानाची बातमी कुठून फुटली?

लाडक्या आईला रोवेनाचे प्रेम,

कॅन्ससची थंडी मला मानवते आहे. तुझा गुडघा कसा आहे?

महामंदीतली १९३२ ची अध्यक्षीय निवडणूक शिकवायला मी वर्गात शेतकरी, बेकार, बँकवाले असे गट केलेत. मुलंच एकमेकांना शिकवतात. डार्ला कुरकुरली, "बाई, आम्ही बँकवाले, आमचं कोण ऐकणार?" सगळे हसले.

शुक्रवारी शेवटी या गटांचं खोटं-खोटं मतदान घ्यायचं आहे, हे मी मुलांनाही सांगितलेलं नाही. तरी काल मुख्याध्यापक हॅस्केल म्हणाले, "वर्गात राजकारण नको. शुक्रवारचं ते मतदान रद्द करा, नाहीतर दुसरी शाळा बघा."

आई, हे मी फक्त तुला फोनवर बोलले होते. त्यांची बहीण तुझ्याच चर्चमध्ये येते ना? तिच्याशी बोललीस का? रागावणार नाही, पण खरं सांग.

मतदान मी घेणारच आहे. एवढं तरी पोटात ठेव.

तुझीच,
रोवेना